मुरलेलं पाणी

१

टाकी घरात आणायची ही तिचीच हौस, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नवऱ्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता. "माशांचं दुकान कुठे आहे रे?" असं तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तळायचे की पाळायचे?" आणि आपल्याच विनोदावर खो खो हसत हत्यारांची पिशवी उचलून कामाला गेला. तो लिफ्ट बसवायचं काम करायचा. कुठे नवी इमारत उभी राहिली की स्वारी आठ-आठ दिवस तिकडेच.

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. दिवसभर लोकांच्या नाकावर जड चौकट ठेवायची, त्यात भिंगं बदलायची आणि विचारायची, "आता बरं दिसतंय, की आधी?" गल्लीत तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. आपणही तेच म्हणू.

घरात तिसरी भिंगरी. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी, सहा-सात वर्षांची. रांगायच्या वयात एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं. आता मात्र बसली की तासन्‌तास बसायची. ती पाळण्यात असतानाच तिची आई गेली होती, त्यामुळे 'आई' हा शब्द तिनं आजवर कोणाला म्हटलाच नव्हता. चष्मेवालीला ती "ऐका ना" म्हणायची. "ऐका ना, माझा एक मोजा सापडत नाही." "ऐका ना, तुमचा फोन वाजतोय." बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं. भांडण नाही, रुसवा नाही, हट्ट नाही. पोरीनं आदळआपट केली असती तरी परवडलं असतं!

चष्मेवालीला मनातून एकच हवं होतं. हिनं आपल्याला एकदा, अगदी एकदाच, आई म्हणावं. नवऱ्याजवळ ती हे बोलली नाही. तो लगेच पोरीला समोर उभी करून "म्हण आई" म्हणून पढवायला बसला असता, आणि तसं म्हणवून घेण्यात काय अर्थ?

जनावरापाशी मुलं मोकळी होतात असं तिनं ऐकलं होतं. कुत्र्याला जागा नव्हती, मांजर जवळ आलं की नवरा शिंकून बेजार व्हायचा. राहता राहिले मासे.

२

"मासे आज मिळणार नाहीत," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे? दुकान माशांचंच आहे ना?"

"टाकी न्या. वाळू न्या, फिल्टर न्या, हीटर न्या. पाणी भरा आणि गप्प बसा. पाणी मुरायला हवं, बाई. लोकांना दम धरवत नाही. त्याच दिवशी मासे सोडतात, आठवडाभरात सगळे उताणे, आणि मग माझ्या नावानं खडे फोडतात."

दुकानदार भलताच बोलका होता. बोलताना त्याचा एक हात कायम ओला असायचा आणि तो शर्टाला पुसत असायचा. त्यानं सांगितलं ते असं: माशांची घाण खाणारे बारीक जीव पाण्यात आधी वाढावे लागतात. त्यांना वाढायला काहीतरी हवं. म्हणून मासे नसतानाही टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकायचं.

"रिकाम्या टाकीत?" भिंगरीनं विचारलं. ती परक्या माणसाशी आपणहून बोलली, हे पाहून चष्मेवालीला इतका आनंद झाला की तिनं पुढचं नीट ऐकलंच नाही.

"रिकाम्या टाकीत."

"मग कोण खातं ते?"

"जे दिसत नाहीत ते खातात. त्यांना घालायचं. तुझं काम ते. विसरायचं नाही हं."

भिंगरीनं मान डोलावली. मग दुकानदार कोणाचं कोणाशी पटतं यावर घसरला. फायटर एकटाच बरा, आपल्यासारखा दुसरा दिसला की तुटून पडतो. गोल्डफिशला गार पाणी लागतं, बाकीच्यांना कोमट. एंजल दिसायला गरीब, पण रात्रीत शेजाऱ्याचे पंख कुरतडतो. "सोयरीक जुळवण्यापेक्षा कठीण काम आहे बघा. पण एक नियम पाठ केलात की झालं. ज्याच्या तोंडात जो मावतो, त्याच्याशी त्याचं पटत नाही."

३

टाकी बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून लांब, एका भक्कम मेजावर बसली. चष्मेवालीनं वाळू धुऊन धुऊन हात सोलवटून घेतले. वरच्या कडेखाली चार बोटं सोडून पाणी भरलं. फिल्टर घुरघुरायला लागला, हीटरचा लाल दिवा लागला, आणि घरात एक नवाच आवाज कायमचा येऊन बसला.

भिंगरीनं एक दिवसही चुकवला नाही. शाळेतून आली की दप्तर टाकायची, स्टुलावर चढायची आणि उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात चिमूट सोडायची. नेहमी त्याच कोपऱ्यात. मग हनुवटी मेजाला टेकवून बसायची.

टाकलेलं खाणं वाळूवर पडून कुजेल, त्यावर पांढरी लव येईल, घाबरू नका, असं दुकानदारानं बजावलं होतं. चष्मेवाली त्या लवेची वाट बघत होती. लव काही येईना. वाळू स्वच्छ, जशी धुतली होती तशी. फिल्टरनं ओढून घेतलं असेल म्हणून तिनं फिल्टर उघडला, तर आतला स्पंज कोरा करकरीत. बहुतेक विरघळत असेल, असं म्हणून तिनं तो परत बसवला. विरघळणारच, पाण्यातच तर टाकतोय.

पण भिंगरी तिथे बसून काहीतरी पुटपुटायची. चष्मेवाली स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून कान द्यायची. शब्द कळत नसत. पोरगी बोलतेय तरी, हेच तिला खूप होतं. टाकी आणली ते सोनं झालं, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

फक्त एक होतं. भिंगरी बोलायची, मग थांबायची. थांबायची ती समोरचा बोलत असताना आपण थांबतो तितकी.

४

काही आठवड्यांनी ती बाटलीत पाणी घेऊन दुकानात गेली. दुकानदारानं ते काचेच्या नळीत ओतलं, घाण मोजायच्या औषधाचे थेंब टाकले, हलवलं. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हिरवं झालं, आणि बघता बघता काळपट हिरवं.

"मासा कधी सोडलात?"

"नाही सोडला. तुम्हीच नको म्हणालात."

"बाई, मला फसवून तुम्हाला काय मिळणार?" त्यानं नळी उजेडात धरली. "चिमूटभर खाण्यानं एवढं होत नाही. यात कोणीतरी राहतंय. खातंय, घाण करतंय. आणि लहानसहान नाही ते, चांगलं मोठं आहे."

चष्मेवाली हसली. तिचं हसणं तिलाच खोटं वाटलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पोरीनं डबा उपडा केला असेल." तिनं डबा उघडून पाहिला. जेवढा असायला हवा तेवढा भरलेला होता.

तिनं बादल्या भरभरून पाणी बदललं. तेही गंमतच. अर्धं पाणी काढून मोजून तेवढंच भरलं तरी पाणी काठाजवळ यायचं. चार बोटांची जागा सोडली होती, ती आता जेमतेम एक बोट उरली होती. आपण मोजण्यात चुकलो, असं ती दरवेळी स्वतःला सांगायची. दिवसभर लोकांचे नंबर अचूक काढणारी बाई घरी बादल्या मोजताना चुकत होती, हे तिला पटत नव्हतं. पण दुसरं काही पटवून घ्यायची तिची तयारी नव्हती.

शेवटी एकदाचं नळीतलं पाणी पिवळं राहिलं. दुकानदारानं शांत स्वभावाचे मासे काढून दिले: टेट्राचा एक थवा, चार काळ्या मोली आणि वाळू हुंगत फिरणारे दोन मिशाळ कोरी. "तो मोठा कोणाला दिलात?" त्यानं पुन्हा विचारलंच. मग भिंगरीकडे वळून म्हणाला, "पिशवी आधी टाकीत तरंगत ठेव. मग कपानं टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत घाल. एकदम नाही काढायचं, जीव घाबरतो. नव्या घरच्या पाण्याची सवय लावायची. सवय झाली की तो आपणहून बाहेर येतो, ओढावं लागत नाही."

"कोणालाही असंच करायचं?"

"कोणालाही."

भिंगरीनं पूर्ण दुपार घालवली त्यात. इतकं मन लावून काम करताना चष्मेवालीनं मोठी माणसंही पाहिली नव्हती.

५

मासे आले आणि घरातली शांतता गेली. म्हणजे चष्मेवालीची. मासे सगळे डावीकडे राहायचे. थवा पोहत मध्यापर्यंत यायचा आणि एकदम वळायचा. उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात कोणी फिरकत नसे. हीटर जवळ असेल, पाण्याला ओढ असेल, म्हणून तिनं हीटर हलवला, फिल्टर या टोकाचा त्या टोकाला केला. मासे तिथेच.

तेवढ्या जागेत काही नव्हतं. पण मासे काहीच नसलेल्या जागेला वळसा घालत नव्हते. कशाच्या तरी कडेनं जावं तसे ते वाकून जायचे, आणि ती कड गोल होती.

मग थव्यातले दोघे-तिघे कमी झाले. मेलेले सापडले नाहीत, मेजाखाली नाहीत, फिल्टरमध्ये नाहीत. जे कमी झाले ते सगळ्यांत लहान होते. दुकानदाराचा नियम तिला आठवला आणि तिनं तो झटकून टाकला.

एका सुट्टीच्या सकाळी ती टाकीसमोर खुर्ची ओढून बसली. काय ते एकदा बघूनच टाकू, असं ठरवून. मागच्या भिंतीला रंगाचे जुने ओरखडे होते, ते पाण्याआडून दिसत होते. काचेतून आणि पाण्यातून सगळंच जरा सरकलेलं दिसतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. पण त्या कोपऱ्यात, वाटीएवढ्या जागेत, ओरखडे आजूबाजूपेक्षा मोठे दिसत होते. मोठं कशानं दिसतं हे तिला माहीत होतं. तिथे भिंग होतं.

ती हलली नाही. श्वाससुद्धा तिनं रोखून धरला होता. ओरखडे मात्र हळूहळू आणखी मोठे होत गेले. जवळचं बघताना माणसाच्या डोळ्यातलं भिंग असंच फुगतं, हे ती रोज दुकानात लोकांना समजावून सांगायची.

ती उठली आणि बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढत बसली. सगळे कपडे काढून झाले, घड्या घालून झाल्या, तरी तिला आत जाववेना. टाकी परत करायची, असं तिनं तिथेच ठरवलं.

६

आणि नेमकं त्याच संध्याकाळी तिनं ते ऐकलं.

ती जिन्यातून वर आली. दार अर्धवट लोटलेलं होतं. भिंगरी टाकीला नाक लावून बसली होती आणि अगदी हळू, एकेक अक्षर चघळत म्हणत होती, "आ... ई." मग थांबायची. मग पुन्हा, "तसं नाही. आ-ई. अशी हाक मारायची."

चष्मेवाली उंबऱ्यातच थिजली. पिशवीतले बटाटे तिच्या पायावर पडले तरी तिला समजलं नाही. पोरगी सराव करतेय! आपल्याला म्हणायची हिंमत होत नाही म्हणून आधी माशांना म्हणून बघतेय! तिला रडू आणि हसू एकदमच आलं. तिनं बटाटे वेचले, आवाज न करता दार पुन्हा लोटलं, एक मजला खाली उतरली आणि मुद्दाम पाय आपटत वर आली.

टाकी परत करायचा विषय तिनं काढला नाही. कसा काढणार? तुम्हीच सांगा. इतकी वाट पाहिली आणि आता शब्द ओठांपर्यंत आला असताना?

मग रोज ती वाट बघू लागली. जेवताना, वेणी घालताना, दिवा मालवताना. भिंगरी म्हणायची, "ऐका ना, उद्या डब्याला काय?" आणि संध्याकाळी टाकीपाशी मात्र तोच शब्द, रोज थोडा अधिक स्पष्ट. कधी कधी तो स्वयंपाकघरात दोनदा ऐकू यायचा. एकदा भिंगरीचा, आणि एकदा तसाच पण ओलसर, पाण्यात गुळणी धरून बोलावं तसा. फिल्टरचा आवाज असतो, चष्मेवाली म्हणायची. फिल्टर गुरगुरतोच.

बाथरूममधला भिंगरीचा मोठा प्लॅस्टिकचा टब हल्ली कायम भरलेला असायचा. मेजापासून बाथरूमपर्यंतची फरशी ओलसर असायची. "कपानं पाणी कुठे नेतेस गं?" तिनं विचारलं. "इकडचं तिकडे," भिंगरी म्हणाली. पोरखेळ, म्हणून तिनं फरशी पुसून घेतली.

७

नवरा गावाला होता. भिंगरीच्या शाळेला सुट्टी होती, आणि चष्मेवाली दुपारी तासभर दुकानात जाऊन यायची म्हणून गेली होती. शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पण गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट ठेवताना तिला एकदम घरी जावंसं वाटलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. "आता बरं दिसतंय, की आधी?" असं विचारून उत्तर न ऐकताच ती पर्स उचलून निघाली.

घरात शिरताच पहिलं काही जाणवलं असेल तर शांतता. फिल्टर बंद होता. टाकीचं झाकण खाली पडलं होतं. फरशीवर टाकीपासून बाथरूमपर्यंत भिंगरीची ओली पावलं उमटली होती. त्यांच्या अगदी बाजूनं, पावलं नसलेली, रुंद, सलग ओल गेली होती.

ती धावली. भिंगरी टबाच्या काठावर ओणवी होती, उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात. तिनं पोरीला कमरेला धरून मागे ओढलं. पोर लगेच आली नाही. खालून कोणीतरी हात धरून ठेवला होता, आणि मग सोडून दिला.

टबात काही दिसलं का? तिनं पाहिलंच नाही. खरं तर पाहिलं, पण टबाच्या तळावरची नक्षी तिला हव्यापेक्षा फार मोठी दिसली, आणि तिनं मान फिरवली. पोरीला उचलून ती बाहेर आली, बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. आत पाणी एकदा डुचमळलं आणि निवांत झालं.

८

बाहेरच्या खोलीत तिनं भिंगरीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. पोरीच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. दंडावर काही नव्हतं, ओरखडाही नाही. तिनं तो दंड पुन्हा पुन्हा चाचपून पाहिला.

"ऐका ना, तुम्ही का ओढलंत?" भिंगरी म्हणाली. "मी एकदम नव्हतं काढलं. दुकानातल्या काकांनी सांगितलं तसंच केलं. रोज थोडं थोडं. आपल्या घरच्या पाण्याची सवय झाली आता."

"कोणाला गं?"

भिंगरीनं खांदे उडवले.

चष्मेवालीनं टाकीकडे पाहिलं. पाणी खाली गेलं होतं, काठाखाली बरोबर चार बोटं. मासे टाकीभर पसरले होते. थवा डावीकडून निघायचा आणि सरळ उजव्या कोपऱ्यापर्यंत जाऊन सावकाश वळायचा. त्या कोपऱ्यातली वाळू एक कोरी मजेत हुंगत होता. टाकी घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती दिसायला हवी तशी दिसत होती.

बस, झालं. उद्याच्या उद्या मासे परत. टाकी परत. टब जिन्याखाली. नवऱ्याला फोन करायचा, आत्ताच. पण फोन पर्समध्ये होता, पर्स दाराशी होती, आणि भिंगरीनं पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. जड, ओलं, गरम डोकं. चष्मेवाली हलली नाही. इतकी घाबरलेली असतानाही तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच ती विचारून बसली.

"भिंगरी, तू रोज टाकीपाशी एक शब्द घोकतेस ना? मी ऐकलाय. मला म्हण ना तो. एकदाच."

भिंगरीनं मान वर करून तिच्याकडे नवलानं पाहिलं. "मला येतो तो," ती म्हणाली. "मी तर शिकवत होते."

बाथरूमच्या बंद दारामागून आवाज आला. चांगला स्वच्छ आला, एकही अक्षर न चघळता. कोणत्याही घरात कोणतंही लेकरू जसं मारतं तशी हाक होती ती, लाडाची, थोडी तक्रारीची.

"आई."

चष्मेवालीनं विचार केला असता तर ती गप्प राहिली असती. पण किती दिवस ती याच एका हाकेसाठी कान लावून बसली होती. विचाराच्या आधी तोंड उघडलं.

"ओ!"

भिंगरीचा ओला हात घाईघाईनं तिच्या तोंडावर येऊन बसला. पोरगी तिला घट्ट बिलगली होती, आणि आज पहिल्यांदाच परक्यासारखी बोलत नव्हती.

"तू ओ देऊ नकोस," ती कुजबुजली. "तू ओ दिलीस की ती बाहेर येणार, असं ठरलंय आमचं."

आत कोणीतरी टबाबाहेर पाऊल टाकलं.